नळ आणि स्विच बदलण्याआधी

सिंकचा नळ आणि एक स्विच स्वतः बदलायला बसताय? बसा, जमेल. फक्त एकाच दिवशी दोन्ही काढू नका.

नळासाठी सिंकखालचा अँगल कॉक (नळाच्या पाइपवरचा छोटा व्हॉल्व्ह) बंद केला की पुरे. भिंतीतल्या नळाला मात्र लाइनचा व्हॉल्व्ह लागतो आणि मुंबईतल्या बऱ्याच जुन्या इमारतींत तो थेट गच्चीवर, टाकीपाशी असतो. तो बंद केला की वरच्या-खालच्या घरांचंही पाणी जातं. म्हणून वॉचमनला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर कोणीतरी तोंडाला साबण लावून उभं असेल! गीझर त्याआधीच बंद. वर्षानुवर्षं न फिरवलेल्या व्हॉल्व्हवर पान्याने जोर लावू नका. माझ्या हातात एकदा त्याचं डोकंच तुटून आलं. वॉचमन गच्चीवर पोचेपर्यंत स्वयंपाकघरात घोटाभर पाणी.

विजेत नवशिके हमखास चुकतात ते इथे: बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे. बटणाच्या मागच्या वायरीत २३० व्होल्ट असतातच.

- एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच) खाली करा, त्यावर टेप चिकटवा. घरातलं कोणीतरी ‘लाइट का गेली’ म्हणत वर करतंच.
- टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का बघा, मग कामाच्या जागी लावा, मग परत चालू सॉकेटमध्ये.
- इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करा.

आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले तर तो पडेलच असं नाही. मीटर रूमला तर हातच लावू नका, ते इलेक्ट्रिशियनचं काम.