ठाण्यात सोसायटीच्या झाडाखाली शिकारी पक्ष्याचं पिल्लू सापडलंय, घार की शिक्रा कसं ओळखायचं?

फोटो नसला तरी तुम्ही लिहिलंय "कबुतराएवढं, छातीवर तपकिरी रेघा, पिवळे डोळे", म्हणजे बहुतेक शिक्राच. आधी डोळे बघा. घारीच्या पिल्लाचे डोळे गडद तपकिरी असतात आणि डोळ्यामागे काजळ फिस्कटल्यासारखा काळपट पट्टा, अंगावर फिकट बदामी ठिपके इतके की वाटतं कोणीतरी पीठ शिंपडलंय. घारीच्या शेपटीच्या खाचेवर जाऊ नका, पिल्लात ती नीट दिसतच नाही, सगळे इथेच फसतात (मीपण ठाण्यातल्या उपवन तलावापाशी फसलोय 😅). शिक्र्याची शेपटी लांब, आडव्या पट्ट्यांची, आणि गळ्याच्या मधोमध एक उभी काळी रेघ.

सीझन पण बघा, घारी बहुतेक थंडीत घरटी करतात त्यामुळे त्यांची पिल्लं पावसाळ्याच्या बरीच आधी उडायला लागतात, शिक्र्याचं मात्र मे-जूनमध्येही चालू असतं.

आणि पिसं पूर्ण आली असतील, जखम नसेल तर घरात नेऊ नका प्लीज, आईबाप वरतीच असतात. मांजरापासून वाचवायला जवळच्या फांदीवर ठेवा. दूध-पाव अजिबात नको, तोंडात पाणी पण ओतू नका. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.