क्लोरिन बंद करू नका भाऊ, आधी टाकी धुवा

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या भाऊंनी विचारलंय की फिल्टर विकायला आलेला माणूस म्हणाला नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने कॅन्सर होतो, घरात बायकोला सहावा महिना आहे, तर सोसायटीच्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरिनची ब्लीचिंग पावडर, टाकणं बंद करायला सांगू का. भाऊ, उत्तर आधी देतो आणि कारण मग. बंद करू नका, अजिबात नका.

मी बावीस वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम केलंय, त्यामुळे त्या माणसाचं सगळंच खोटं असंही म्हणणार नाही. क्लोरिन स्वतः जंतू मारतं, पण पाण्यात कुजलेला पालापाचोळा, माती, शेवाळ यांचा विरघळलेला अंश असला की क्लोरिन त्याच्याशीही भिडतं आणि त्यातून क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात, त्यांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणजे टीएचएम म्हणतात. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले केमिस्ट योहानेस रूक यांनी हे पहिल्यांदा दाखवून दिलं. म्हणजे दोष एकट्या क्लोरिनचा नाही, क्लोरिनला जे खायला मिळतं त्याचा आहे, हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता आपल्याकडचं बघा. गंगापूर धरणात पहिल्या पावसाबरोबर डोंगरावरची माती आणि पाला वाहून येतो, पाणी चहासारखं होतं, मग फिल्टरेशन प्लांटवर तुरटी टाकून गाळ खाली बसवतात आणि त्या गाळाबरोबर हा विरघळलेला अंशही बराचसा जातो. खरी गडबड पुढे आपल्या गच्चीवर होते. काळी टाकी, तळाला चार बोटं गाळ, एप्रिल-मेचं ऊन, आणि वॉचमन अंदाजाने मूठभर टीसीएल फेकतो. खाद्य, उष्णता, जास्तीचं क्लोरिन आणि साठून राहायला वेळ, टीएचएम वाढायला लागतं ते सगळं तिथे आहे. ते टाकीतलं थांबवणं आपल्या हातात आहे की नाही?

धोका किती, तर क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन हे दोन टीएचएम जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या २बी गटात आहेत, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता नाकारता येत नाही. वर्षानुवर्षं जास्त टीएचएमचं पाणी पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कॅन्सरचा संबंध अभ्यासांत दिसलाय. गरोदरपणाबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. त्याच मानकात उरलेलं क्लोरिन कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम असायलाच हवं असंही लिहिलंय, ते फिल्टरवाले कधी सांगत नाहीत.

आणि दुसऱ्या बाजूचा, म्हणजे क्लोरिन बंद केल्याचा, धोका यायला वर्षं लागत नाहीत. आमच्याच सोसायटीत अशाच एका मेसेजवरून टीसीएल बंद केलं, मी मीटिंगला होतो, मला कळत होतं, आणि मी बोललो नाही. पावसाळ्यात खालच्या टाकीला तडा जाऊन शेजारच्या चेंबरचं पाणी झिरपलं आणि महिन्याभराने तीन घरांत कावीळ. ते अजून मला खातं, म्हणून इतकं लांबलचक लिहितोय. अशा घाण पाण्यातून हिपॅटायटिस ई येतो, आणि गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला तर १०० पैकी २० ते २५ जणी दगावू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वहिनींना घाबरवायला नाही सांगत, पण सहाव्या महिन्यात क्लोरिन बंद करायचा विचार का सोडायचा ते यात आलं.

मग करायचं काय. खालची आणि वरची दोन्ही टाक्या रिकाम्या करून गाळ खरवडून काढा, नुसतं पाईप मारून नाही, आणि झाकण घट्ट बसवा. टीसीएल मुठीने नको, बादलीत कालवून वरची निवळी टाका, अर्धा तास थांबा आणि ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात ओटीचे थेंब टाकून क्लोरिन किती उरलंय ते रंगावरून बघा. फिकट पिवळा रंग आला की बास, नारिंगी झाला तर जास्त झालं, काहीच रंग नाही आला तर कमी पडलं.

प्यायच्या पाण्याला कार्बन फिल्टर लावा, टीएचएम धरतो तो कार्बनच. यूव्ही फक्त जंतू मारतो, टीएचएमला तो काही करत नाही. आरओचा पडदा क्लोरोफॉर्मला नीट अडवत नाही, त्या मशीनमध्येही हे काम आधीचा कार्बनच करतो, आणि धरणाच्या गोड पाण्याला आरओ कशाला हवा? त्या माणसाने टीडीएस मीटर बुडवून दाखवलं असेल, तर त्यात टीएचएम दिसतच नाही, ते फक्त क्षार मोजतं. पाण्यात दोन सळया घालून पाणी तपकिरी करून दाखवलं असेल तर तो सळईच्या लोखंडाचा गंज. कार्ट्रिज मात्र वेळेवर बदला, जुना कार्बन काही धरत नाही वर त्यात जंतू वाढतात, आणि कार्बनमधून आलेल्या पाण्यात क्लोरिन उरत नाही म्हणून ते साठवू नका, दिवसाचं दिवसाला संपवा.

फिल्टर येईपर्यंत पाणी झाकण काढून चार-पाच मिनिटं खळखळ उकळा, खिडकी उघडी ठेवून, क्लोरोफॉर्म वाफेबरोबर निघून जातो आणि जंतूही मरतात. हॅलोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड म्हणून दुसरा एक गट असतो तो उकळून असा उडून जात नाही, त्याला कार्बनच. आंघोळीला वहिनींनी दार-खिडकी बंद करून गरम शॉवरखाली फार वेळ थांबू नये, वाफेतून आणि कातडीतूनही टीएचएम अंगात जातं, त्यापेक्षा बादलीची आंघोळ आणि खिडकी उघडी.

सोसायटीच्या मीटिंगची तारीख ठरली की इथे टाका. मी इंदिरानगरला राहतो, ओटीची बाटली घेऊन येतो, सगळ्यांसमोर टाकीचं पाणी तपासू.