रोजच्या वापरासाठी आणि विरंगुळ्यासाठी मोबाइलवर कोणती ॲप्स ठेवावीत?

मी रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर राहतो, त्यामुळे माझी निवड पाऊस, समुद्र आणि रेल्वे यांच्याभोवतीच फिरते. सर्वांत आधी ‘दामिनी’ घ्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले हे ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असल्यास सूचना देते, आणि परतीच्या पावसात भातकापणी चालू असताना ते प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर असायलाच हवे, असे मला मनापासून वाटते. वारा व लाटांच्या अंदाजासाठी मी ‘विंडी’ पाहतो. होडी समुद्रात घालण्यापूर्वी मात्र हवामान खात्याचा इशाराच प्रमाण मानावा.

‘व्हेअर इज माय ट्रेन’ मोबाइल टॉवरच्या आधारे इंटरनेटशिवायही गाडी कुठे पोहोचली ते सांगते. करबुड्याच्या सुमारे साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात अर्थातच थोडी वाट पाहावी लागते.

विरंगुळ्यासाठी माझे सर्वांत लाडके ॲप म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे विनामूल्य ‘मर्लिन’. पक्ष्याचा आवाज ऐकून ते नाव सुचवते आणि भारतीय पक्ष्यांची माहिती एकदा उतरवून घेतली की नेटवर्क नसलेल्या आमच्या पोफळीच्या बागेतही चालते. पहाटे मागीलदारी ते एकदा लावून पाहाच.