तळघरात पाणी नेमकं येतं कुठून?

प्रश्न : वाशीला आमचं जुनं रो-हाउस आहे. तळघरात सासऱ्यांची पुस्तकं आणि माझं शिलाई मशीन असतं. गेले दोन पावसाळे तिथे घोटाभर पाणी साचतंय. पाण्याला गटाराचा वास येतो आणि पाऊस ओसरला तरी ते चढतच राहतं. भिंती कोरड्या असतात. ठेकेदार म्हणतो, चारही भिंतींना आतून वॉटरप्रूफिंग करा. करावं का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : ताई, इतक्यात पैसे घालू नका. भिंतीतून पाझरणारं पाणी आधी ओल दाखवतं, पोपडे काढतं. वासाचं पाणी मोरीच्या जाळीतून उलटं येतंय.

वाशीत खाडीलगत भराव घालून वस्ती झाली. पावसाचं पाणी धारण तलावात साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं, अशी तिथली रचना आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाण्याला वाट उरत नाही. गटारं, चेंबर भरतात आणि पाणी सर्वांत खालचं तोंड गाठतं. पाणी आलं त्या तारखा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी ताडून बघा.

प्लंबरला बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडायला लावा आणि तळघराची लाइन कुठे जोडलीय ते डोळ्यांनी पाहा. त्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं येऊ न देणारी झडप बसवा, पण फक्त तळघराच्या फाट्यावर. पूर्ण घराच्या लाइनवर बसवला, तर तो बंद असताना वरच्या बाथरूमचंच पाणी खाली भरेल. हाताने उघडून साफ करता येईल अशा जागीच तो हवा. झडपेत एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी तो मिटत नाही.

मोरीची गरजच नसेल, तर ती कायमची बंद करणं मला जास्त पटतं. मग कोपऱ्यात छोटा खड्डा आणि फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप. त्याचा पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन बाहेर काढा. नेमकी तेव्हाच वीज जाते, म्हणून पंप झेपेल असा इन्व्हर्टर हवाच. मे महिन्यात खड्ड्यात बादल्या ओतून पंप आपोआप सुरू होतो का, ते बघा.

पुढेमागे भिंतीला ओल आलीच, तर वॉटरप्रूफिंग बाहेरून करता येतं का ते आधी विचारा. आतल्या थराला बाहेरचं पाणी ढकलून सोडवतं.

पुस्तकांच्या रॅकचा तळकप्पा रिकामा ठेवा. पाणी साचलेलं असताना वरून मेन स्विच बंद केल्याशिवाय कुणीही खाली पाय ठेवू नये. तो मेन स्विच तळघरातच असेल, तर बाकी सगळं थांबवा आणि वायरमन बोलावून आधी तो वर घ्या.