औषधी वनस्पतींच्या आतल्या बुरशीपासून खरंच औषध मिळतं का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का?

विषय जरूर घ्या. पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, "बुरशीच औषध देणार असेल तर मग झाडाची गरजच उरणार नाही ना?" ते वाचल्यापासून मला चैन नाही. अगदी हेच वाक्य २००७ मध्ये मी माझ्या गाईडच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून आज जरा लांबण लावते.

माझं झाड नरक्या. काही भागांत त्याला अमृता किंवा घाणेरा म्हणतात. फुलांना उग्र दुर्गंधी असते. सह्याद्रीच्या दाट रानात सावलीत वाढणारं हे लहानसं झाड आहे. त्याच्या सालीत, खोडात, मुळांत कॅम्प्टोथेसिन असतं. त्यापासून तयार केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं बीजकोशाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर वापरतात. हे रसायन १९६६ मध्ये एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं काढलं ते अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे. वर्गात सांगितलं की मुलं चमकून वर बघतात, म्हणून मी दरवर्षी सांगते.

औषधाला भाव आला आणि नरक्यावर कुऱ्हाड आली. झाड बुंध्यात कापायचं, ढलप्या करून वाळवायच्या, पोत्यांत भरून घाटाखाली उतरवायच्या. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा या पट्ट्यातल्या पेपरांत 'नरक्याची तस्करी' ही बातमी आजही येते. अशात २००५ मध्ये जम्मूची प्रयोगशाळा आणि जर्मनीतल्या डॉर्टमुंडचे संशोधक यांनी मिळून जाहीर केलं की नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी प्रयोगशाळेत स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवते. आम्हाला तर आभाळ हाती आल्यासारखं झालं. फ्लास्कमध्ये बुरशी वाढवा, औषध काढा, रान वाचेल. मी त्याच वेडाने पीएचडीला नाव घातलं.

आजरा-चंदगडच्या घाटातल्या एका झाडाची बोटभर डहाळी आणली. अल्कोहोल, हायपोक्लोराइट, पुन्हा अल्कोहोल, मग निर्जंतुक पाण्याने तीनदा धुऊन तुकडे पीडीएवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या बटाट्याच्या माध्यमावर, लावले. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर ओतलं. ती प्लेट कोरी राहिली, म्हणजे बाहेरचं काही चिकटलेलं नव्हतं. आठव्या दिवशी सालीच्या कापलेल्या कडेतून पांढरा कापूस फुटला. कडेतूनच. वरची साल तशीच तपकिरी, कोरडी. जिवंत, निरोगी झाडाच्या आत कुणीतरी इतकी वर्षं गुपचूप राहत होतं आणि ते माझ्यासमोर बाहेर येत होतं! त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी आले.

कॅम्प्टोथेसिन अतिनील दिव्याखाली निळं चमकतं. पहिल्या कल्चरचा अर्क टीएलसी प्लेटवर चढवला (तिच्यावर अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात), तर स्टँडर्डच्या, म्हणजे शुद्ध कॅम्प्टोथेसिनच्या शेजारी, त्याच उंचीवर निळाशार ठिपका. सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, सगळ्या डिपार्टमेंटला बोलावून दाखवला. मग बुरशी दर वेळी ताज्या माध्यमावर हलवून पुन्हा वाढवत गेले, यालाच सबकल्चर म्हणतात. तिसऱ्या सबकल्चरला ठिपका फिका पडला. पाचव्याला डोळे ताणून बघावं लागलं. सातव्याला काहीच नाही. बुरशी मात्र छान वाढत होती, तोच रंग, तीच वाढ.

सर म्हणाले, "तुझे हात स्वच्छ नाहीत. कंटॅमिनेशन झालंय." मी चार महिने पुन्हा पुन्हा केलं, रात्री लॅमिनारपाशी, म्हणजे निर्जंतुक हवेच्या टेबलापाशी, बसून केलं. मग म्हणाले, "पहिलं रीडिंग टाक थिसिसमध्ये आणि मोकळी हो." मी म्हटलं, सातही रीडिंग टाकते. त्यावर ते सही करेनात. शेवटी नवं कल्चर काढावं म्हणून मी त्याच झाडाकडे गेले. वाट दाखवणारे मामा आधीच म्हणाले, "बाई, ते गेलं की शिमग्याच्या आदी." तिथे गुडघ्याएवढा खुंट होता, करवतीच्या खुणा ताज्या वाटाव्यात अशा. बुरशी हवी असेल तर आधी झाड हवं, हे मला त्या खुंटापाशी कळलं. पीएचडी मी सोडली. आता ज्युनिअर कॉलेजला शिकवते.

नंतर काय झालं ते ऐका. २०१० मध्ये बंगळुरूच्या गटाने नरक्यातल्याच बुरशांबद्दल छापलं की सबकल्चर करत गेलं की कॅम्प्टोथेसिन घटत जातं. २०११ मध्ये डॉर्टमुंडच्याच गटाने चिनी झाडातल्या फ्युजेरियम या बुरशीबद्दल कारणही दाखवलं: बुरशीकडे रसायन बनवण्याच्या साखळीतली काही जनुकं आहेत, पण मधलं एक महत्त्वाचं विकर (एन्झाइम) तिच्याकडे नाही, त्यासाठी ती झाडावर अवलंबून असते. झाडापासून तोडली की साखळी तुटली. माझे हात स्वच्छ होते.

टॅक्सॉल या कॅन्सरच्या औषधाचीही तीच गत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोंटानातल्या यू वृक्षातली बुरशी टॅक्सॉल बनवते असा शोध 'सायन्स' या नियतकालिकात आला, जगभर गाजला. २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी अशा बुरशांची जनुकं तपासली, त्याच मूळ बुरशीचीही, तेव्हा टॅक्सॉल बनवणारी जनुकं सापडली नाहीत. आज टॅक्सॉल मिळतं ते यूच्या पानांतल्या घटकावर पुढची प्रक्रिया करून किंवा झाडाच्या पेशी टाक्यांत वाढवून. तीस वर्षांत बुरशीचा एकही कारखाना उभा राहिला नाही, आणि तरीही दर महिन्याला कुणीतरी कुठल्या तरी औषधी झाडातली 'चमत्कारी बुरशी' छापतंच. पदव्यांसाठी चाललेला हा प्रकार मला अजिबात मान्य नाही.

म्हणजे सगळंच खोटं का? नाही. आपली गणेशवेल ज्या गटातली, त्या आयपोमियाच्या काही वेलींत अरगटची, म्हणजे एरवी धान्यावरच्या एका बुरशीत सापडणारी, अल्कलॉइड्स असतात. ती वेलीचीच मानली जायची. बुरशीनाशक दिल्यावर बुरशी गेली आणि अल्कलॉइड्सही गेली. ती बनवणारी बुरशीच होती, आणि ती पानावर वेलीच्या संगतीतच जगते. असा सज्जड पुरावा हवा. शेतीत तर फायदा जास्त थेट आहे: थरच्या वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांशी अजित वर्मांच्या गटाला पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी मिळाली, १९९८ मध्ये त्यांनी ती जाहीर केली. ती कित्येक पिकांच्या मुळांत शिरून वाढ सुधारते. माझं स्पष्ट मत, दोन वर्षांच्या प्रोजेक्टला कॅन्सरच्या औषधापेक्षा हा रस्ता धरा.

औषधाचाच हट्ट असेल तर प्रत्येक ट्यूबवर पिढीचा क्रमांक लिहा, पहिल्या पिढीच्या भरपूर प्रती ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवा, आणि सगळी रीडिंग छापा. गाईड नको म्हणाले तरी छापा.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. माझा पहिला निळा ठिपका बुरशीचाच होता याची खात्री मलाही देता येत नाही. सालीतलं कॅम्प्टोथेसिन तुकड्याबरोबर प्लेटवर आलं असेल आणि पुढे विरळ होत गेलं असेल, हेही शक्य आहे. मी फक्त टीएलसी केली होती. तुम्ही मास स्पेक्ट्रोमेट्रीशिवाय, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजून तो नेमका ओळखल्याशिवाय, तोंड उघडू नका. शिवाय नरक्याची साल घरी उकळून कुणी प्यायची नाही, ते पेशी मारणारं विष आहे. आणि नमुने घेण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या, जैवविविधता कायदा २००२ मध्ये काय बसतं ते गाईडकडून तपासून घ्या. आम्ही तेव्हा सरळ डहाळी तोडून आणली, ते चूक होतं.

त्या खुंटाला पुढच्या पावसाळ्यात पाच फुटवे आले. गेल्या डिसेंबरात गेले तेव्हा दोन उरले होते, त्यातला एक माझ्या डोक्यावर गेलाय. जागा इथे लिहिणार नाही. परवानगीचं पत्र घेऊन आलात तर मी स्वतः दाखवेन. पानं घेऊ, एखादी कोवळी डहाळी घेऊ. साल काढू देणार नाही.