किमोनंतर उलटी होत नसेल तर उलटीच्या गोळ्या बंद केल्या तर चालतील का?

तुम्ही घणसोलीहून विचारलंय: आईंचं अंडाशयाचं ऑपरेशन झालं, आता किमोची पहिली सायकल झाली आणि घरी येताना उलटीसाठी तीन वेगवेगळी औषधं लिहून दिली. पहिल्या दिवशी त्यांना काहीच त्रास झाला नाही. मग एवढ्या गोळ्या खाऊन पोट कशाला बिघडवायचं? त्रास झालाच तर घरात पॅन-डी आहे, ती देऊ का?

आधी उत्तर देते, मग कारण. गोळ्या बंद करू नका. आणि पॅन-डी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

मी कळव्यात राहते. डी. फार्म. केलंय आणि 16 वर्षं ठाण्यात मेडिकलच्या काउंटरवर काम करते. पण हे मी काउंटरवर नाही, घरात शिकले. माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा तिची किमो खारघरला जाऊन-येऊन चालायची. तिचं औषध लाल, डॉक्सोरुबिसिन, आणि जोडीला सायक्लोफॉस्फामाइड. हमखास उलट्या करवणाऱ्या औषधांत ही जोडी वरच्या पायरीवर मानतात. पहिल्या सायकलनंतर दोन दिवस आई चांगली होती. पेज प्यायली, टीव्ही बघितला. चौथ्या दिवशी पहाटे साडेतीनला मोरीतून आवाज आला म्हणून उठले, तर ती मोरीच्या कट्ट्याला धरून बसलेली. पोटात काहीही नाही, नुसत्या कोरड्या उलट्या. कपाळावर घाम, हात गार. पाण्याचा घोटही टिकेना. सकाळी सलाईन लावायला न्यावं लागलं.

दुपारी घरी आल्यावर देवघर आवरताना मी हळदीकुंकवाची कोयरी उचलली, तर खाली कागदाची पुडी. पुडीत दोन कॅप्सूल, अॅप्रेपिटंट 80 मिलिग्रॅमच्या. एक दुसऱ्या दिवशीची, एक तिसऱ्या दिवशीची. मी कामावर निघताना गोळ्या वाटीत काढून ठेवायचे आणि संध्याकाळी वाटी रिकामी दिसली की घेतल्या असं समजायचे. आई म्हणाली, "महागाची गोळी आहे गं. मला काही होत नव्हतं. जास्त त्रास होईल त्या दिवसाला असू दे म्हटलं."

तुमच्या प्रश्नात मला तीच पुडी दिसली, म्हणून एवढं लिहायला बसले.

या गोळ्या उलटी थांबवायच्या नसतात, उलटी येऊच नये म्हणून असतात. किमो गेल्यावर पहिल्या 24 तासांत आतड्याच्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात, ते मेंदूला उलटीचा निरोप देतं. ऑनडॅनसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही मंडळी तो निरोप अडवतात. यातलं पॅलोनोसेट्रॉन शरीरात बराच काळ टिकतं, म्हणून ते बहुतेक वेळा किमोआधी एकदाच इंजेक्शनातून देऊन टाकतात. पण दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत जी मळमळ येते तिची वाट वेगळी. तिथे मेंदूतलं सबस्टन्स पी नावाचं दुसरं रसायन पुढे असतं आणि त्यावर अॅप्रेपिटंट चालतं: सहसा किमोआधी तासभर 125 मिलिग्रॅम, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी 80. तुमच्या आईंना पहिल्या दिवशी काही झालं नाही ते औषध लागू पडलं म्हणून. दुखणं संपलं म्हणून नव्हे. दोन वाटांना दोन औषधं, आणि दोन्हींना जोर द्यायला डेक्सामेथासोन. तीन गोळ्या दिसतात त्या अशा. एकाच कामाच्या तीन नाहीत.

डेक्सामेथासोन स्टेरॉइड आहे, एवढं ऐकून लोक घाबरतात. दोन-तीन दिवसांसाठी घाबरण्यासारखं नाही, पण ते सकाळी, पोटात काही गेल्यावर घ्यायचं असतं. रात्री घेतलं तर माणूस टक्क जागा राहतो. आईंना मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वर जाते, तेव्हा हे डॉक्टरांना माहीत आहे ना, ते आधी बघा, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज तपासा. अजून एक. अॅप्रेपिटंट बरोबर असताना डेक्सामेथासोन रक्तात जास्त राहतं, म्हणून डॉक्टर त्याचा डोस मुद्दाम कमी लिहितात. शेजारच्या बेडवरच्या बाईला जास्त दिलं आणि आपल्याला कमी, असं वाटून कोणी स्वतःहून वाढवू नये. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन चालू असेल तर तिच्यावरही अॅप्रेपिटंटचा परिणाम होतो, तेव्हा ती गोळी चालू आहे हे सांगायलाच हवं.

आता पॅन-डी. आपल्याकडे ही कॅप्सूल लोक शेंगदाण्यासारखी खातात, रोज सकाळी उपाशीपोटी, वर्षानुवर्षं. काउंटरवर दहातल्या कितीतरी माणसांना ती फक्त अॅसिडिटीची वाटते. त्यातला 'पॅन' म्हणजे अॅसिडिटीचं पॅन्टोप्राझोल, पण 'डी' म्हणजे डोमपेरिडोन, म्हणजे तेही उलटीचंच औषध. म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांवर तुम्ही नकळत चौथं चढवणार. ऑनडॅनसेट्रॉन आणि डोमपेरिडोन ही दोन्ही हृदयाच्या ठोक्यामधला विजेचा वेळ लांबवतात, ईसीजीवर त्याला क्यूटी म्हणतात. एकटं औषध, योग्य डोस, धडधाकट माणूस, तर सहसा काही होत नाही. पण किमोच्या पेशंटला उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच खाली गेलेलं असतं, त्यात अझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असतं, वय असतं. हे सगळं एकावर एक रचलं गेलं की ठोका बिघडू शकतो. युरोपच्या औषध नियामकाने 2014 मध्ये डोमपेरिडोन शक्यतो एका आठवड्याहून जास्त देऊ नये असं म्हटलं, कारण हेच. तुमच्या आईंना आधीपासून हृदयाचा त्रास असेल किंवा कधी अचानक चक्कर येऊन पडल्या असतील, तर ईसीजी काढायचा का हे स्वतःहून विचारा. अॅसिडिटीसाठी नुसतं पॅन्टोप्राझोल चालेल का, हेही विचारा. त्यात डोमपेरिडोन नसतं.

दुसरं औषध जे लोक सहज मागतात ते मेटोक्लोप्रमाइड. वाईट नाही, डॉक्टर देतातही. पण एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या एका विशीतल्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. घरी आल्यावर मळमळ म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून ही गोळी दोन-तीनदा दिली. रात्री तिची मान एका बाजूला वळून तशीच राहिली, डोळे वर लागले, जबडा आवळला. शुद्ध पूर्ण होती, बोलता येत नव्हतं. आजी लिंबू-मिरची आणायला धावली, वडील म्हणत होते फिट आली. मी स्ट्रिप बघितली आणि म्हटलं आधी रिक्षा बोलवा. हॉस्पिटलात प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात मान सरळ झाली. तरुण मुलामुलींना हे जास्त होतं. ही गोळी दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या वर आणि पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये, असं 2013 पासून युरोपात सांगतात. आणि आतडं कुठे अडकलेलं असण्याची शंका असेल तर ती अजिबात नको, कारण ती आतड्याला ढकलते.

पोटाच्या ऑपरेशननंतर ही शंका खरी असते, म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत मुद्दाम सांगते. पोट फुगलंय, टणक लागतंय, वारा सरत नाही, आणि हिरवट उलटी येतेय, तर ती मळमळीची गोष्ट नाही. तेव्हा घरी गोळी देऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. ऑनडॅनसेट्रॉनने उलटी दबते आणि आतला अडथळा लक्षातच येत नाही, असंही होतं.

ऑनडॅनसेट्रॉनने पोट साफ होत नाही, हे तर जवळजवळ ठरलेलंच. माझ्या आईला दुसऱ्या सायकलला तीन दिवस झाली नाही, आणि गंमत नाही सांगत, बद्धकोष्ठानेच तिला पुन्हा मळमळ सुरू झाली. आम्ही मळमळ म्हणून अजून एक ऑनडॅनसेट्रॉन देणार होतो. म्हणजे आगीत तेल. डॉक्टरांनी लॅक्टुलोजचं सिरप दिलं आणि दुसऱ्या दिवशी पोट मोकळं झालं, मळमळही गेली. ट्रॅमाडोलसारखी दुखण्याची गोळी चालू असेल तर हा त्रास दुप्पट, शिवाय ट्रॅमाडोलने स्वतःच मळमळ होते. इसबगोल देणार असाल तर भरपूर पाणी पोटात जाणार असेल तरच, नाहीतर ते उलट घट्ट करतं.

ऑलान्झापिन लिहून दिलं असेल तर पानावरचं वाचून दचकू नका. माझ्या भावाने नेटवर शोधलं, स्किझोफ्रेनिया दिसलं, आणि रात्री अकराला मला फोन: "आईला वेड्यांची गोळी का देतायत?" ती त्या आजारावरही चालते हे खरं, पण उलटीचे निरोप जिथून जातात त्या बऱ्याच दारांना ती एकदम कडी घालते, म्हणून किमोत वापरतात. पूर्वी 10 मिलिग्रॅम द्यायचे, पेशंट दिवसभर गुंगीत. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2.5 मिलिग्रॅम देऊन तुलना केली आणि 2024 मध्ये ते 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलं: उलटी रोखायला कमी डोस मागे पडला नाही आणि गुंगी कमी झाली. आपल्याच लोकांवर झालेलं काम आहे, म्हणून मला त्याचं फार मोल वाटतं. तुमच्या आईंना त्या गोळीने फार झोप येत असेल तर सोसत बसू नका, बंदही करू नका, डोस कमी होईल का विचारा. रात्रीच द्यायची, आणि रात्री बाथरूमला जाताना हात धरायला कोणीतरी हवं.

पुढच्या सायकलच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा, ज्या सहसा कोणी विचारत नाही: आईंना गाडी लागते का, आणि तुमच्या वेळी त्यांना डोहाळ्यांत खूप उलट्या झाल्या होत्या का. माळशेज घाटात पिशवी हातात धरून बसणारी बाई किमोत जास्त उलट्या करते. ऑपरेशनच्या भुलीनंतरही ज्यांना गाडी लागते त्यांनाच जास्त त्रास होतो. पुन्हा कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांनाही हे सांगा.

पहिल्या सायकलला नीट आवरलं नाही तर पुढे काय होतं, तेही आम्ही बघितलं. तिसऱ्या वेळेपासून आईला किमो लागायच्या आधीच उमासे यायला लागले. खारघर स्टेशनचा जिना दिसला की तोंडाला पाणी सुटायचं, जिथे किमो लावतात त्या डे-केअरच्या फिनाइलच्या वासाने घशाशी यायचं. शरीर लक्षात ठेवतं. तिला आदल्या रात्री लोराझेपाम, म्हणजे मन शांत करणारी गोळी, द्यायला लागले. थोडं बरं वाटायचं, पण एकदा ती सवय लागली की पूर्ण जात नाही. म्हणून म्हणते, तुमची आत्ताशी पहिली सायकल आहे, आत्ताच धरा.

घरात मी शेवटी एवढंच केलं. किमोच्या दिवसापासून पाच दिवसांचा कागद फ्रिजला लावला, त्यावर औषध आणि वेळ, आणि गोळी माझ्यासमोर गिळायची. कामावर असले तर व्हिडिओ कॉलवर. अर्ध्या तासाच्या आत उलटीत गोळी पडलेली दिसली तर परत द्यायची का, ते फोन करून विचारायचं, मनाने दुसरी नाही. जिभेवर विरघळणारी गोळीही शेवटी लाळेबरोबर पोटातच जाऊन लागू पडते, त्यामुळे ती लगेच उलटून पडली तर तिचाही उपयोग नाही. घरातली सगळी औषधं, सूतशेखर आणि काढ्यासकट, एका पिशवीत घालून प्रत्येक वेळी डॉक्टरांपुढे ओतायची. फोडणी दार लावून. जेवण कोमट किंवा गार, वास कमी येतो. आल्याचा तुकडा, आमसुलाचं पाणी तिला आवडायचं, दिलं. पण ते गोळीच्या बदल्यात नाही.

डे-केअरचा रात्रीचा नंबर आजच मागून घ्या. पाणीही 24 तास टिकत नाही, लघवी अगदी कमी किंवा गडद होतेय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतंय, माणूस बरळतोय, छातीत धडधडून चक्कर येतेय, तर सकाळची वाट बघू नका. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर उलटी असो-नसो लगेच निघायचं. पॅरासिटामॉल देऊन ताप दडपायचा नाही, आधी मोजायचा. थर्मामीटर नसेल तर गोळ्यांबरोबर आजच घेऊन या, आणि आईंची आजची कॅप्सूल राहिली असेल तर हे वाचून झाल्यावर आधी डे-केअरला फोन करून विचारा, आत्ता द्यायची का.