कॉम्प्युटरवर आपोआप जाहिराती येतात. हा व्हायरस आहे का आणि फॉरमॅट करावे लागेल का?

कोणतेही संकेतस्थळ उघडलेले नसताना स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ अशा सूचना येतात, होमपेज बदलले आहे आणि अँटिव्हायरसला मात्र काहीच सापडत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ही लक्षणे ॲडवेअरची, म्हणजे जाहिराती दाखवण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्या सॉफ्टवेअरची आहेत आणि त्यासाठी फॉरमॅट करण्याची वेळ सहसा येत नाही.

अँटिव्हायरस अनेकदा गप्प राहतो, कारण कागदोपत्री तरी ॲडवेअर आपल्याच परवानगीने आलेले असते. पीडीएफ कन्व्हर्टर किंवा मराठी टायपिंगचे मोफत सॉफ्टवेअर मूळ निर्मात्याकडून न घेता भलत्याच संकेतस्थळावरून उतरवले, की इन्स्टॉलरमध्ये एखादा ‘सर्च टूलबार’ आधीच टिक करून ठेवलेला असतो आणि आपण न वाचता ‘नेक्स्ट’ दाबत जातो. म्हणून इन्स्टॉल करताना ‘कस्टम’ हा पर्याय निवडून नको त्या टिक काढाव्यात.

कोपऱ्यातल्या सूचनांचे मूळ बहुधा याहून साधे असते. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगणाऱ्या एखाद्या पानाला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि मग ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. तिथे अनोळखी नावे दिसतील, ती काढून टाका. त्यानंतर एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम तपासा, आणि विंडोजच्या प्रोग्रॅमच्या यादीत त्रास सुरू झाला त्या सुमारास काय आले ते तारखेनुसार पाहून अनावश्यक ते अनइन्स्टॉल करा. एवढे करूनही होमपेज पुन्हा बदलत असेल, तर मालवेअरबाइट्स या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे ॲडवेअर काढणारे सॉफ्टवेअर घेऊन चालवा. विंडोज सिक्युरिटीतील ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ (नको असलेली ॲप अडवण्याची सोय) सुरू आहे का, तेही पाहा.

‘जाहिरातीच तर आहेत, राहू द्या’ असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लेनोव्होने 2014 च्या अखेरीस विकलेल्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचे ॲडवेअर कंपनीतूनच बसवलेले होते. सुरक्षित संकेतस्थळांवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे रूट सर्टिफिकेट (कोणते संकेतस्थळ खरे मानायचे हे कॉम्प्युटर ज्याच्या आधारे ठरवतो ते प्रमाणपत्र) टाकले होते आणि अशी खरेपणाची मोहोर उमटवणारी त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. फेब्रुवारी 2015 मध्ये हा प्रकार उघडकीस आला तेव्हा ती किल्लीही बाहेर आली. म्हणजे त्याच वाय-फायवर बसलेल्या कोणालाही बँकेचे खोटे पान या लॅपटॉपवर खरे म्हणून खपवता आले असते.

त्या सूचनांमध्ये फोन नंबर दिलेला असेल, तर त्यावर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर नसतो.